गायरान, लांडगा आणि आपण

माझा पुतण्या अमेरिकेत ॲरिझोना राज्यात असतो. फिनिक्स शहराच्या बाहेर नवीन वसाहती झाल्यात, त्यातल्या एकीत त्यानं घर घेतलंय. दर रविवारी त्याचा फोन येतो. मागे एकदा बोलता बोलता म्हणाला, ‘काका, माझ्या ऑफिसातल्या एकाला कायोटी मारायचा नाद आहे. पूर्वी म्हणे शहराची हद्द संपली की बंदूक काढायची. आता वसाहती वाढत चालल्या, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी नकाशा पसरून सरकारी जमीन कुठं शिल्लक आहे ते शोधत बसतो. आपल्या धाराशिवकडं असं जाता येतं का हो कुठं, कोल्ह्या-लांडग्याच्या शिकारीला?’

मी म्हटलं, ‘नाही बाबा. जाता येतं ते फक्त तुरुंगात.’ तो हसला, मीही हसलो आणि फोन ठेवला. पण त्याच्या प्रश्नातला अर्धा भाग काही केल्या डोक्यातून जाईना. शिकारीचा नव्हे, दुसरा. सरकारी जमीन कुठं शिल्लक आहे, हा. माझी तेहतीस वर्षांची नोकरी तलाठ्याची. सरकारी जमीन कुठं आहे हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. म्हणून आज ठरवलं, की कोल्ह्या-लांडग्यांच्या निमित्तानं आपल्या गावच्या जमिनीबद्दल चार गोष्टी सांगाव्यात.

आधी त्या कायोटीचं पाहू. कायोटी हा कुत्र्याच्या कुळातला प्राणी. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्यापेक्षा लहान. उंदीर, ससे, फळं, मेलेलं जनावर, उकिरड्यावरचं उष्टं, काहीही त्याला चालतं. ॲरिझोनात शिकारीचा परवाना काढला की कायोटी वर्षभर मारता येतो. आणि जागेची तिकडे ददात नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एकट्या भूमी व्यवस्थापन खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात सामान्य माणसाला हिंडता येतं, तंबू ठोकता येतो, शिकारही करता येते. मात्र ॲरिझोनाचा एक नियम असा, की राहत्या घरापासून पाव मैलाच्या आत, म्हणजे साधारण चारशे मीटरच्या आत, घरमालकाच्या परवानगीशिवाय शिकारीसाठी गोळी झाडता येत नाही. घरं पुढं सरकली की शिकाऱ्याला मागं सरकावं लागतं. पुतण्याचा सहकारी नकाशा घेऊन बसतो तो यासाठी.

आता यातली गंमत ऐका. अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ कायोटी मारले जाताहेत. बंदुकीनं, सापळ्यानं, विषानं. एवढं करून काय झालं? मुळात पश्चिमेच्या गवताळ मुलखात राहणारा हा प्राणी आज हवाई बेटं सोडली तर त्या देशाच्या प्रत्येक राज्यात पोचला आहे. शिकागोसारख्या महानगरात तो रेल्वेच्या कडेनं राहतो. जाणकारांनी याची कारणं दिली आहेत. एक म्हणजे, कायोटीला दबवून ठेवणारे लांडगे तिथल्या लोकांनी आधीच संपवले होते. दुसरं म्हणजे, कायोटीचं एक कुटुंब मोडलं की त्याची जागा दुसरे घेतात, आणि उरलेल्यांना खायला भरपूर मिळालं की पिल्लं जास्त जगतात. म्हणजे बंदुकीनं प्रश्न सुटला नाही, तो गावभर पांगला.

आता आपल्या मुलखात येऊ. धाराशिव जिल्हा म्हणजे बालाघाटाचे डोंगर आणि त्यांच्या माथ्यावरचे, उतारावरचे माळ. भूम, वाशी, कळंब, तुळजापूर, कुठंही जा. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधूनच बोरी-बाभळी, आणि ओढ्याच्या घळी. या माळावर चार जण पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. कोल्हा, खोकड, लांडगा आणि तरस. जंगलाचे प्राणी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण खरं तर ते जंगलाचे नव्हेत, माळाचे. कोल्हा तर आता उसातही राहतो. जिथं कारखाना आला आणि ऊस वाढला, तिथं कोल्ह्याला दाट लपण आणि उंदीर दोन्ही मिळाले. लांडग्याचं तसं नाही. त्याला मोकळा माळ लागतो. एका टोळीला हिंडायला शंभर चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख लागतो, आणि पिल्लं घालायला कुणाची वर्दळ नसलेली एखादी घळ. पिल्लं होतात ती साधारण हिवाळ्यात. भारतात लांडगे उरले आहेत ते अदमासे तीन हजार. वाघांची संख्याही जवळपास तेवढीच आहे. पण वाघासाठी व्याघ्रप्रकल्प आहेत, आणि लांडगा बहुतेक ठिकाणी कुठल्याही अभयारण्याच्या बाहेर, तुमच्या-आमच्या गावच्या शिवारात राहतो.

आपल्या जिल्ह्यात एकच अभयारण्य आहे, येडशी रामलिंग घाट. ते १९९७ साली झालं. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. २०२४ च्या डिसेंबरात तिथं चक्क वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. पण हिशेब करा. लांडग्याच्या एका टोळीलाही हे अभयारण्य पुरत नाही. मग बाकीचे राहतात कुठं? तर गायरानात.

शिकारीचा इतिहास आपल्याकडेही आहे. शेजारच्या ब्रिटिश मुलखात लांडगा मारून आणला की सरकार बक्षीस देत असे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथंही जमीनदार, अंमलदार शिकारीला निघत. आणि पोटासाठी शिकार करणारे होते ते फासेपारधी. तितर, लाव्हे, ससे, हरणं ते फासात धरत. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिशांनी अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यात पारधीही सापडले. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांची शिकारही बंद झाली. कायदा योग्यच होता. पण ज्याच्या हातातून फास काढून घेतला, त्याच्या हातात दुसरं काय दिलं, याचं उत्तर आजही नीट देता येत नाही. आपल्या तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांची शाळा उभी राहिली, तशी कामं अजून पुष्कळ व्हायला हवीत.

आज कायदा काय म्हणतो तेही सांगतो. हौसेसाठी शिकार कुठंच करता येत नाही. ना सरकारी जमिनीत, ना स्वतःच्या शेतात. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लांडगा आणि कोल्हा दोघंही आता पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त संरक्षण आहे अशा यादीत. त्यांची शिकार केली तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. एखादा प्राणी माणसाच्या जिवावर उठला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी झाला, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी, पिकाचं नुकसान होत असेल तर वन खात्याकडे अर्ज करण्याची सोय आहे. पण तीही परवान्यानंच.

तेव्हा शिकारीला जागा कुठं, हा प्रश्न आपल्यापुरता निकालात निघाला. राहिला दुसरा अर्धा. सरकारी जमीन कुठं आहे?

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने असतात. सात-बारा सगळ्यांना ठाऊक असतो, कारण त्यावर आपलं नाव असतं. पण नमुना एक-ब कुणी मागत नाही. गावात सरकारी जमीन किती आणि कुठल्या गटात, याची ती यादी. आणि नमुना एक-ई मध्ये त्या जमिनीवरची अतिक्रमणं. गुरं चरायला राखून ठेवलेली जमीन म्हणजे गायरान. जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, अशा राखीव जमिनीची तरतूद आहे. गायरान हे कुणा एकाच्या नावावर नसतं, आणि म्हणूनच बहुधा ते कुणाचंच नाही असं सगळ्यांना वाटतं.

इथं मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

१९८६ साली मी तुळजापूर तालुक्यातल्या एका गावाला होतो. वरून पत्र आलं, की गावातल्या सरकारी जमिनीची पाहणी करून, ती कशाच्या उपयोगाची आहे ते कळवा. मी कोतवालाला घेऊन गायरानावर गेलो. शंभरेक एकरांचा माळ. तिथं एक म्हातारा धनगर मेंढरं चारत होता. ओढ्याच्या घळीकडं मी वळलो, तसा तो आडवा आला. म्हणाला, ‘भाऊसाहेब, तिकडनं जाऊ नगा. पिल्लं हायत तिची.’ मी विचारलं, कुणाची? तर म्हणाला, ‘लांडगीची. वर्साला एखादं कोकरू नेती ती. न्यावं की. माळ काय माझ्या एकट्याचा हाय?’

मी मागं फिरलो. संध्याकाळी चावडीत बसून अहवाल लिहिला. शेरा मारला, ‘पडीक माळ, निरुपयोगी.’ ज्या माळावर गावची सगळी शेरडं-मेंढरं चरत होती, ज्याच्या गवतानं उन्हाळ्यात कूड शाकारले जात होते, जिथं लांडगीचं बिऱ्हाड होतं, त्याला मी दोन शब्दांत निकालात काढलं. तेव्हा मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. सगळेच तसं लिहीत. आजही केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात असे गवताचे माळ पडीक म्हणूनच रंगवलेले असतात.

पुढं त्या माळाचं काय झालं? थोड्या भागावर वनीकरण झालं. चर खणून ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली. झाडं लावणं पुण्याचंच, पण गवताच्या माळावर दाट झाडी लावली की गवत मरतं, आणि गवताबरोबर त्यावर जगणारे ससे, हरणं आणि तितरही हलतात. थोडा भाग खडीक्रशरला गेला. थोडा आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी बांध सरकवून घेतला. थोड्यावर भूमिहीनांच्या झोपड्या आणि जिराईत तुकडे आले. २०११ साली मी निवृत्त झालो, तेव्हा ती घळ मुरूम काढून सपाट झालेली होती.

२०१४ च्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी त्या गावी गेलो. मांडवात एक बाई भेटल्या. विधवा, शेत नाही, चार उस्मानाबादी शेळ्यांवर घर चालायचं. आपल्या जिल्ह्याची ही शेळी महाराष्ट्रभर नावाजलेली, जुळी करडं देणारी, कमी चाऱ्यात तगणारी. गरिबाची गायच ती. त्या बाईंच्या तीन शेळ्या एका रात्रीत लांडग्यांनी मारल्या होत्या. घरामागं, कुडाच्या आडोशाला बांधलेल्या. मी विचारलं, ‘भरपाईचा अर्ज केला का?’ म्हणाल्या, ‘चौथ्या दिशी गेले भाऊसाहेब. ते म्हनले, मेलेली शेरडं कुठायत? म्या तवाच टाकून दिली हुती, वास सुटला म्हनून. कुनी सांगितलंच न्हाई.’

कुणी सांगितलंच नाही, हे वाक्य मला लागलं. सांगणाऱ्यांपैकी मीच एक होतो.

म्हणून आता नीट सांगतो, लक्षात ठेवा. लांडगा, तरस, कोल्हा, बिबट्या यांनी जनावर मारलं तर महाराष्ट्र शासनाकडून भरपाई मिळते. शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के किंवा शासनानं ठरवलेली कमाल रक्कम, यांतली जी कमी असेल ती. पण अटी आहेत. घटना घडल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. आणि त्या मेलेल्या जनावरावर विष टाकायचं नाही. थिमेट टाकलं की लांडगा मरेल न मरेल, गावची कुत्री आणि घारी मात्र नक्की मरतात, आणि भरपाईऐवजी गुन्हा दाखल होतो. कुणाला कळवायचं ते ठाऊक नसेल तर वन खात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा.

भरपाईपेक्षा राखण बरी. धनगर बांधव रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावतात, राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, ते उगीच नव्हे. घरच्या शेळ्यांना वरून आणि बाजूनं बंद असा गोठा हवा, बाभळीच्या काट्यांचं का होईना पण पक्कं कुंपण हवं. मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण गावाच्या कडेला उघडी टाकू नये, पुरावी. त्या वासावर आधी मोकाट कुत्री येतात, मागून लांडगे. पुणे जिल्ह्यातल्या माळावर कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं २०२३ साली जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. शहर वाढलं, कचरा वाढला, कुत्री वाढली, त्याचं हे फळ. आणि कुंपणात घरची वीज थेट सोडू नका. त्यात रानडुकराआधी शेजारचा माणूस मरतो. झटका मशीन वेगळं, थेट करंट वेगळा.

लांडगा माणसावर येतो का, असं मला नेहमी विचारतात. सहसा नाही. उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ साली लहान मुलांवर हल्ले झाले हे खरं आहे, त्याकडं डोळेझाक करू नये. उघड्यावर लहान मुलांना एकटं झोपवू नये, मग लांडगा असो वा कुत्रं. पिसाळलेला कोल्हा किंवा लांडगा मात्र अंगावर येतो. चावला तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करा. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावं लागतं, ते मागून घ्या.

आता शेवटी पुन्हा जमिनीकडे येतो. गायरानावर सगळ्यांचाच डोळा आहे, आणि प्रत्येकाचं कारण खोटं आहे असं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर भागातल्या गावांना नव्यानं वसायला जागा लागलीच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यातून मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी गायरानं कसली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय शासनानं १९९१ साली घेतला, तो न्यायाचाच होता. अजूनही कित्येकांच्या नावाचा सात-बारा झालेला नाही. पोटासाठी दोन एकर कसणारा आणि क्रशरसाठी डोंगर पोखरणारा, दोघांनाही अतिक्रमणवाला या एकाच शब्दात बसवू नये. दुसरीकडे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात सांगितलं, की गावाच्या सामाईक जमिनी गावालाच परत मिळाल्या पाहिजेत. आता शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प येताहेत, त्यांनाही सरकारी जमीन दिली जाते. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण ती पट्टी कुठं टाकायची, उघड्या खडकावर की चरण्याच्या गवतावर, हे ठरवताना ग्रामसभेत मेंढपाळ बसलेला असतो का?

अमेरिकेतल्या त्या शिकाऱ्याला निदान सरकारी जमीन कुठं आहे ते नकाशावर कळतं. आपल्याला आपल्याच गावचं गायरान किती आहे ते ठाऊक नसतं. तेव्हा माझी एकच विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत नमुना एक-ब आणि एक-ई वाचून दाखवायला सांगा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण दप्तर तेच आहे. आपलं गायरान किती, कुठं, आज त्यावर कोण आहे, आणि त्यातलं गवताला किती ठेवायचं, हे गावानं एकत्र बसून ठरवावं. गवत राहिलं तर शेळी माळावर चरेल, ससा-हरीण माळावर राहील आणि लांडगाही माळावरच राहील. माळ गेला की तो आपल्या कुडाशी येतो, आणि त्याचा भुर्दंड क्रशरवाल्याला पडत नाही, चार शेळ्यांच्या धनिणीला पडतो.

त्या रविवारनंतर पुतण्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्याला मी ही सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, ‘काका, मग त्या गावात लांडगे आहेत का अजून?’ मी म्हटलं, ‘आहेत. घळ गेली, पण गेल्या हिवाळ्यात रात्री गावाबाहेर आवाज ऐकला असं लोक सांगतात.’ मला तो शेरा आता खोडता येत नाही. पण तुमच्या गावच्या दप्तरात ‘निरुपयोगी’ हा शब्द कुठं लिहिला असेल, तर तो तुम्हाला खोडून घेता येईल.